पहिल्या ड्राइव्हचं नाव

"तिला काय विचारायचं? ती कधी कशाला नाही म्हणते का?"

आई हे मामीला सांगत होती, आणि मी त्या दोघींपासून चार फुटांवर, मामाच्या टेबलाखाली, वायरींच्या गुंत्यात डोकं घालून बसले होते. मी तिथे आहे हे दोघींनाही माहीत होतं. पण मी गप्प राहिले की माणसं मला खोलीतून वजा करतात. ही सवय त्यांना मीच लावलीय.

"तरी पण वन्सं, विचारलेलं बरं," मामी म्हणाली. "आजकालच्या मुली..."

"अगं, ताटात लिहायचं नाव. दोन मिनिटांचं काम. कौस्तुभला कौमुदी किती शोभतं बघ. माझंही लिहिलंच होतं की. काय झालं?"

 मामीनं खोक्यावर चिकटपट्टी लावली, तिचा कर्रर्र आवाज झाला आणि विषय खोक्यासकट बंद झाला.

काय झालं, हेच मला बघायचं होतं. त्यासाठी तर मी आले होते.

दिंडोशीच्या वसाहतीतला मामाचा हा गाळा आता जाणार आहे. इमारत पाडून मोठी उभी राहील, वरची दीड खोली मामाला त्यात परत मिळेल, गाळ्याचं काय ते अजून कुणी नीट सांगत नाही. महिनाअखेरीस चाव्या द्यायच्या आहेत. शटर अर्धं खाली ओढलेलं, भिंतीवर जिथे शेल्फ होतं तिथे फिकट चौकोन, आणि खोक्यांमध्ये पंचवीसेक वर्षांची लग्नं. मामा लग्नांचं शूटिंग करायचा. मग लोकांच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी सीडीवर उतरवून द्यायचा. आईच्या लग्नाची कॅसेटही त्यानंच उतरवली होती. कॅसेटला केव्हाच बुरशी लागली, सीडी उरली. माझ्या लॅपटॉपला सीडीचा ट्रेच नाही, कुणाच्याच नसतो आता. ती सीडी लागेल असं एकच मशीन मला ठाऊक होतं, मामाचं हे जुनं, आणि उद्या सकाळी भंगारवाला ते उचलणार होता.

लहानपणी सुट्टी लागली की मी इथे यायची. मरोळहून बस आरे कॉलनीतून जायची. एका वळणानंतर खिडकीतून शेण, ओलं गवत आणि तबेल्यातल्या भुशाचा वास एकदम आत यायचा, आणि मी डोळे मिटून घ्यायची, कारण त्या वासापाशी शाळा संपायची. शाळेत मी इंग्लिशमध्ये गप्प असायची. मामाकडे मराठीत. पण मामाकडच्या गप्प बसण्याला काम होतं. माझं अक्षर चांगलं, म्हणून सीडीवर नावं लिहायची ती मी.

जाड काळा मार्कर, त्याचा डोक्यात जाणारा गोड वास. सीडी कडेनं धरायची, पोटाला बोट लावायचं नाही. मामा नावं सांगायचा आणि मी 'चि. सौ. कां.' लिहायची. ही तीन अक्षरं कशाची हे मला कितीतरी वर्षं माहीत नव्हतं. मला वाटायचं की सगळ्या नवऱ्या मुली एकाच कुठल्या तरी कंपनीच्या असतात. टेबलावर मामीनं आणून ठेवलेला चहा, बशीत चार बटरं, आणि ड्राइव्हचा आवाज. आधी ट्रे गिळल्याचा, मग आत काहीतरी चाचपडल्याचा, मग हळूहळू चढत जाणारा तो बारीक सूर. सीडी 'भाजून' झाली की ट्रे आपोआप बाहेर यायचा आणि मामा म्हणायचा, "काढ गो चेडवा, गरम गरम." ती खरंच गरम असायची. मी गालाला लावून बघायची.

मामाची एक पद्धत होती. सगळ्या सीड्या तो मुलीच्या माहेरच्या नावानं लावायचा. शूटिंगचं सांगायला मुलीकडचे येत, हळद मुलीकडे पहिली शूट होई, वहीत तेच नाव जाई; एवढंच कारण असेल. पण मग वर्षा-दोन वर्षांनी एखादी बाई कडेवर मूल घेऊन शटरपाशी उभी राहायची. "माझ्या लग्नाची आणखी एक कॉपी पाहिजे होती, सीडीवर ओरखडे पडले." नाव विचारलं की ती नवं नाव सांगायची. मामा वही उघडायचाच नाही.

"ता नको. आधीचा नाव सांग."

आणि ती बाई थांबायची. मी स्टुलावर बसून हे शेकडो वेळा पाहिलं असेल. विसरलेली नसायची कुणीच. पण मध्ये एक क्षण असायचा, घरात कुणी नसताना कुठला तरी खण उघडावा तसा. मग ती थोडी हसून, आवाज खाली आणून नाव सांगायची. सुनीता. वैजू. म्हणजे वैजयंती. मामा पाठ फिरवून बरोबर त्या खोक्यात हात घालायचा. कडेवरचं मूल आईच्या तोंडाकडे बघत राहायचं.

आईलाही आधीचं नाव आहे. नंदा. तिला त्या नावानं हाक मारणारा मामा हा आता जगात एकटा उरलाय. नंदाताई. लहानपणी मला वाटायचं ते मामाचं लाडाचं काहीतरी आहे, जसा तो मला चेडवा म्हणतो. घरात, बिल्डिंगमध्ये, बँकेत ती अपर्णा. ताटातलं नाव दोन मिनिटांचं असतं असं ती म्हणते, पण तिचं तिथून रेशनकार्डावर गेलं आणि मग कुठेच जायचं राहिलं नाही.

गेल्या आठवड्यात कौस्तुभचा मेसेज आला होता. 'मम्मीची हौस आहे गं. फक्त ताटात. कागदावर काही बदलायचं नाही, प्रॉमिस. चालेल ना?' मी अंगठा पाठवला. 'नाही' लिहायला मला अर्धा तास लागला असता, त्यापुढे कारण लिहायला एक दिवस. अंगठा एका सेकंदात जातो. तो काही वाईट नाही. त्यानं विचारलं. चुकीचं उत्तर मी दिलं आणि मग रोज सकाळी उठल्यावर ते मला आठवायला लागलं. आज संध्याकाळी त्याच्या आईचा फोन येणार होता. पत्रिका छापायला जायची होती आणि त्यांना कौमुदी हे नाव त्यात कंसात हवं होतं. म्हणजे ताटातून कागदावर यायला एक आठवडा पुरला होता.

मशीन सुरू झालं तेव्हा मला खरंच आनंद झाला. पंखा खोकला, मग फिरायला लागला. त्याच्यावर मामानं फार पूर्वी लिनक्स टाकलं होतं, कारण गिऱ्हाइकांच्या पेन ड्राइव्हमधून व्हायरस येऊन आधीच्या विंडोजची सारखी वाट लागायची. पडद्यावर तोच निळा रंग, तेच 'लावा' नावाचं चिन्ह. माझ्या लहानपणी ते दाबलं की सीडी लागायची.

मी दाबलं. असं काही उपकरण नाही, असं मशीन म्हणालं.

पासष्ट टक्के दोष वायरीत असतो, असं मामा म्हणायचा आणि हा आकडा त्यानं कुठून आणला ते कुणी विचारत नसे. म्हणून मी टेबलाखाली गेले. वायरी काढल्या, फुंकल्या, परत लावल्या. तिथे आईचं ते वाक्य ऐकलं. वर आले, परत दाबलं. असं काही उपकरण नाही. आणि गंमत म्हणजे ट्रे बाहेर येत होता, आत जात होता, दिवा लागत होता. ड्राइव्ह समोर धडधाकट बसलेला, आणि मशीन म्हणतंय तो नाहीच.

मी ऑफिसात हेच काम करते, लोकांच्या मशिनी काय म्हणतायत ते वाचायचं. तरी इतक्या वेळानं मला सुचलं की अरे, नाव. 'लावा' हे चिन्ह 'सीडीरॉम' नावाच्या दाराशी जाऊन ठोठावतं. मी मशीनमधल्या दारांची यादी काढली. सीडीरॉम नावाचं दारच नव्हतं. 'सीडीरॉम पाच' होतं.

मग मी तेच केलं जे घाईत सगळे करतात. हातानंच एक दार लावून दिलं: सीडीरॉम म्हणजे हाच, समज. सीडी फिरायला लागली. पडद्यावर अर्धी चौकट उमटली, कुणाच्या तरी केसांतली अबोली, आणि मशीन गोठलं. बंद करून सुरू करावं लागलं. सुरू झाल्यावर माझं दार गायब. जायचंच होतं, मला माहीत असायला हवं होतं. ही दारं मशीन दर वेळी उठताना नव्यानं मांडतं, आणि बाहेरून कुणी हौसेनं लावलेलं नाव त्याच्या लक्षात राहत नाही. त्याच्या नियमांत लिहिलेलं असेल तेवढंच राहतं.

"काय गो, नाय म्हणता काय?" मामा वरून उतरला होता. हातात गुंडाळलेल्या कागदाच्या पुंगळ्या, गळ्यात चष्मा. आता तो जिना एकेक पायरी थांबून उतरतो.

"सीडीरॉम नाही म्हणतोय. पाच म्हणतोय."

मामा हसला. "मग बरोबर आसा. तो सहावो. पयल्याचा नाव तो देणा नाय कोणाक."

आणि मला ती दुपार आठवली. मी दहा-अकरा वर्षांची असेन. पहिला ड्राइव्ह गेला होता आणि मामानं नवा बसवला होता, पांढऱ्या तोंडाचा. मशीन त्याला 'सीडीरॉम' म्हणायला तयार नव्हतं. ते त्याला 'सीडीरॉम एक' म्हणत होतं, म्हणून तर आता सहाव्याला 'पाच'. जुन्याचा नंबर मशीननं आपल्या वहीत लिहून ठेवला होता आणि नाव त्याच्यासाठी राखून ठेवलं होतं. वर पंखा लटलट फिरत होता, कुणाच्या तरी घरी सुक्या बांगड्याचा वास सुटला होता. मी चिडून म्हणाले होते, "पण तो तर मेला ना मामा! नाव रिकामंच आहे. देऊन टाकायचं नव्याला."

"आणि जुनो परत इलो तर?" मामा म्हणाला होता. "तो खय बसतलो?"

जुना ड्राइव्ह तेव्हा माझ्या पायाशी पडलेला होता, झाकण उघडून, स्क्रू बशीत काढून. तो कुठेही परत येणार नव्हता. तरी मला ते उत्तर पटलं होतं. त्या वयात माणसाला अशी उत्तरं पटतात.

आता मी मशीनच्या नियमांची ती वही, म्हणजे ती फाइल, पडद्यावर उघडली. सहा ओळी. प्रत्येक ड्राइव्हची एक, त्याच्या कारखान्यातल्या नंबरासकट, आणि प्रत्येक ओळीच्या वर मामानं इंग्लिश अक्षरांत मालवणी लिहून ठेवलेलं. 'पयलो. सोन्यासारको होतो.' 'दुसरो. खूप राबलो.' 'तिसरो. पयल्या दिसापासून नाटकी.' चौथ्यावर नुसतंच 'अरेरे'. पाचवा आणि सहावा रिकामे. तोपर्यंत लोकांनी सीड्या करून घेणं थांबवलं असणार. मी वाचत गेले आणि मला त्या त्या सुट्ट्या आठवत गेल्या. नाटकी ड्राइव्ह ट्रे अर्धाच बाहेर काढायचा आणि मामी त्याला पीठ मळलेल्या हातानं चापट मारायची. राबणारा होता त्या वर्षी मे महिन्यात एवढी लग्नं होती की मी नावं लिहून लिहून स्वप्नातही चि. सौ. कां. लिहायची. त्या उन्हाळ्यात आम्ही एकदाच बाहेर पडलो होतो, मार्वेहून फेरीबोटीनं मनोरीला, आणि तिथेही मामा किनाऱ्यावर सुकत घातलेल्या मासळीचं शूटिंग करत बसला होता. आई त्याला ओरडत होती. तो म्हणत होता, "नंदाताई, हस गो जरा." त्या दिवशी ती खरंच हसली होती, साडी पोटरीपर्यंत धरून.

"वरच्या पाच ओळी पुसून टाकू?" मी मामाला विचारलं. "मग हा पहिला होईल."

"पुस. उद्या भंगारातच जाता मा सगळा."

माझी बोटं तयार होती. पण मी पुसलं नाही. पुसायची गरजच नव्हती, हे तिथे बसल्या बसल्या माझ्या ध्यानात आलं. एका ड्राइव्हला दोन नावं चालतात. त्याच्या ओळीत अधिकचं चिन्ह घालून दुसरं नाव जोडायचं, पहिलं तसंच राहतं. मी सहाव्याच्या ओळीत 'सीडीरॉम' जोडलं. 'पाच'ला हात लावला नाही, आणि 'सोन्यासारको' होता त्यालाही नाही. मशीन बंद केलं, सुरू केलं, 'लावा' दाबलं.

आई खोकी सोडून माझ्या मागे येऊन उभी राहिली. "ही कुठली?" ती म्हणाली, आणि मग तिला कळलं.

रंग उडालेले होते. शूटिंगच्या मोठ्या दिव्यानं सगळ्यांचे चेहरे पांढरे पडलेले, बायकांच्या नाकातल्या नथी चमकत होत्या. सीडी मध्येच अडकायची, माणसं चौकोन चौकोन होऊन विरघळायची, पुन्हा जुळायची. एका खोलीत गर्दी. पाटावर बाबा, मिशा काळ्या कुळकुळीत. शेजारी आई, आजच्या माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. समोर ताट. बाबांनी अंगठी काढली आणि तांदळात लिहायला लागले. दुसरं अक्षर पुसून त्यांनी परत काढलं. टाळ्या झाल्या. कुणीतरी म्हणालं, "वाचून दाखव गं, मोठ्यानं!"

पडद्यावरच्या आईनं ताटाकडे पाहिलं. ओठ हलले. आवाज आला नाही. पुन्हा कुणीतरी म्हणालं, "अगं, लाजू नको, वाच!" आणि ती तशीच खाली बघत राहिली. तो तोच क्षण होता. शटरपाशी उभ्या राहणाऱ्या बायकांचा, फक्त उलट्या बाजूनं.

मग कॅमेऱ्याच्या मागून, अगदी जवळून, विशीतल्या मामाचा आवाज आला. "नंदाताय! हय बघ गो!"

आणि तिनं झटकन वर पाहिलं. एका क्षणात, विचार न करता, आपल्या नावाला माणूस पाहतो तसं. डोळे भरलेले होते.

चित्र तिथेच अडकलं. आत ड्राइव्ह फिरत राहिला, तो बारीक सूर वर वर चढत राहिला.

 मामानं चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मामी दाराशी ओले हात घेऊन उभी होती. आई पडद्याकडे इतका वेळ बघत राहिली की मला वाटलं तीही अडकलीय.

"मला इतकी वर्षं वाटत होतं मी हसत होते," ती म्हणाली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. नाव दिसलं: कौस्तुभची आई. आईनं पदराला हात पुसले आणि नेहमीसारखा फोन स्पीकरवर घेतला. "हो हो, नमस्कार. बोला ना."

"अहो, प्रिंटरवाला थांबलाय, म्हटलं एकदा विचारून घ्यावं," पलीकडून उत्साही आवाज आला. मागे मिक्सर चालू होता. "कंसात कौमुदी टाकतोय. ऱ्हस्व-दीर्घ बघून घेतलंय मी. फायनल ना?"

आईनं तोंड उघडलं. ती हो म्हणणार हे मला माहीत होतं. माझ्या वतीनं हो म्हणायची तिचीही सवय जुनी आहे. पण तिनं पडद्याकडे एकदा पाहिलं. मग फोन माझ्यापुढे धरला आणि हात तसाच ठेवला.

"हॅलो? ऐकू येतंय का?"

 मामा खोक्यांकडे बघत होता, पण मला ठाऊक होतं तो ऐकतोय. पंखा घरघरत होता. कुणीच घाई केली नाही, आणि पलीकडचा मिक्सरही थांबला.

"काकू, कंस काढून टाका. आणि ताटात माझंच नाव लिहायला सांगा कौस्तुभला. रेवती. मी वाचून दाखवीन, मोठ्यानं."